अंगणवाडी टीचर असलेल्या आईची दमछाक: राजीनाम्याआधी काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई पन्नाशीच्या आहेत, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका गावात चोवीस वर्षं अंगणवाडी चालवतात. गेल्या वर्षभरात शाळेचा चढ चढताना त्यांना धाप लागते, कंबर आणि गुडघे दुखतात, संध्याकाळी डोकं जड होतं, पाळी दहा-दहा दिवस चालते. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी जवळजवळ रोज घेतात. दवाखान्याला चल म्हटलं की एकदा "वयच झालं की आता" म्हणतात, एकदा "केंद्र कुणाच्या जिवावर सोडू" म्हणतात. तुम्ही बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भागात कामाला आहात, घर चालेल एवढं मिळतं, म्हणून विचारताय की त्यांना राजीनामा द्यायला लावावा का.

मी सीमाभागात अठ्ठावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. पेशंटमध्ये अंगणवाडी टीचर, म्हणजे सेविका, आणि मदतनीस बऱ्याच आहेत, आणि तुमच्या आईसारख्या बायका मी इतक्या पाहिल्यात की तुमचं लिहिलेलं वाचताना चेहरा डोळ्यासमोर आला. तरी आधी हे सांगते की मी त्यांना तपासलेलं नाही. खाली लिहिते त्यातलं काय त्यांना लागू पडतं, ते रक्ताचा रिपोर्ट आणि समोर बसलेला डॉक्टर ठरवेल.

नोकरीचा प्रश्न मी शेवटी घेणार आहे, कारण आज त्याचं उत्तर देताच येत नाही. दमणं हे निदान नव्हे. धाप, जड डोकं आणि लांबलेली पाळी ही तीन लक्षणं एकत्र आली की माझ्या मनात पहिला विचार रक्त कमी असण्याचा येतो. तसं असेल तर राजीनामा देऊनही धाप लागणारच, फक्त ती अंगणवाडीऐवजी विहिरीवर लागेल.

निपाणीकडच्या एका गावातल्या टीचर माझ्याकडे आल्या होत्या. तीन वर्षं कॅल्शियम, ताकदीची इंजेक्शनं आणि पेनकिलर चालू होत्या. "डॉक्टरबाई, सगळं अंग दुखालंय की, पण सुट्टी कोण देतंय?" म्हणाल्या. खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. या बाई गरोदर बायकांना लोहाची गोळी जेवल्यावर घ्या, चहाबरोबर नको, असं वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या. तुम्ही का घेतली नाही म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्या गोळ्या गरोदर बायकांच्या, माझ्या न्हवं." खरं तर ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात वीस ते एकोणपन्नास वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांनाही आठवड्याला एक गोळी सांगितली आहे. गोळ्या वाटणारीला आपलं नाव त्या यादीत येतं हेच कधी वाटलं नव्हतं. कर्नाटकात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ४७.८ टक्के जणींचं रक्त कमी आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. म्हणजे जवळजवळ दोघींत एक. टीचर त्याला अपवाद असतील असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

आकडे समजून घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर गोंधळ होणार नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. १२ च्या खाली आलं की गोळ्यांचा नीट कोर्स लागतो. ८ च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, गावात बसून टॉनिक प्यायचं नाही. गोळी किती आणि किती दिवस हे डॉक्टर सांगतील, पण दोन गोष्टी घरातल्यांनी बघायच्या. एक म्हणजे महिन्याभराने परत तपासणी. आकडा एक ग्रॅमनेही वाढला नसेल तर गोळी पोटात जात नाहीये, नाहीतर रक्त कुठून तरी जातंय. दुसरं म्हणजे आकडा बरोबर आला म्हणून लगेच थांबायचं नाही. शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात, आणि इथेच बहुतेक जणी गोळी सोडतात. गोळीने शी काळी होते, मळमळतं, त्यामुळे "मला झेपत नाही" असं ऐकायला मिळेल. रात्री जेवणानंतर घेतली तर बऱ्याच जणींना झेपते. चहा मात्र तासभर लांब ठेवायचा. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं.

रक्त कमी का झालं हे शोधल्याशिवाय गोळी देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. पन्नाशीत पाळी दहा दिवस चालते, गाठी पडतात, दर दोन तासाला कपडा बदलावा लागतो, याला "जायच्या वेळी असंच होतंय" म्हणून सोडून देतात. काही वेळा ते खरंही असतं. पण गर्भपिशवीत गाठ असू शकते, थायरॉइड असू शकतं, पिशवीचं अस्तर जाड झालेलं असू शकतं, आणि क्वचित कॅन्सर असतो. म्हणून पंचेचाळिशीनंतर अंगावरून जास्त जात असेल तर सोनोग्राफी आणि आतली तपासणी व्हायलाच हवी. गरज पडली तर अस्तराचा तुकडाही तपासतात. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

आणि पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाकूया" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होय म्हणू नका. माझ्या ओळखीच्या दोन टीचरना चाळिशीच्या आत असं ऑपरेशन सांगून उरकलेलं मी पाहिलंय. पुढची पाच वर्षं त्यांची हाडं आणि झोप दोन्ही बिघडलेली. काही जणींना ऑपरेशन लागतंच, ते मी नाकारत नाही. पण त्याआधी गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं औषधाचं साधन आहे. ते का चालणार नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवं.

इथे एक अडचण तुमच्या बाजूची आहे. आई पाळीबद्दल मुलासमोर बोलणार नाहीत. तुम्ही हौसेने गाडी काढून घेऊन जाल, त्या डॉक्टरांना फक्त गुडघे दाखवतील आणि परत येतील. बरोबर मावशीला, बहिणीला, तुमचं लग्न झालं असेल तर बायकोला न्या, आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा.

रक्त पोटातूनही जातं, आणि त्याचं कारण ती रोजची गोळी असू शकतं. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या की जठराला जखम होते. त्यातून थोडं थोडं रक्त वर्षभर गेलं तरी कळत नाही. शिवाय त्या बीपी वाढवतात आणि किडनीवर भार टाकतात. लोहाची गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. आठवडी बाजारात सांधेदुखीची पांढरी पुडी मिळते, ती आई घेतात का हेही विचारा. त्यात काय मिसळलंय हे कुणालाच माहीत नसतं, आणि ज्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार होतो तिच्यात स्टिरॉइड असण्याची मला नेहमी शंका येते. मात्र ती बरेच महिने घेतलेली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागातल्या म्हणून विचारते. आई माळकरी आहेत का? वारकरी घरातल्या कितीतरी टीचर मुलांना अंडी उकडून, सोलून देतात आणि स्वतः आयुष्यात अंडं खात नाहीत. श्रद्धेला धक्का लावायची गरज नाही, पण अशा बायकांमध्ये बी-बाराची कमतरता वारंवार सापडते. पायाला मुंग्या, तोंड येणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं. ती तपासणी करा, आणि दूध-दह्याचा वाटा त्यांच्या ताटात येतो का बघा. बहुतेक घरांत तो नातवंडांकडे जातो. दुसरी गोष्ट मिश्री. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते. टीचर ती केंद्रात लावत नाहीत, घरी लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. रागावून ती सुटत नाही. पण तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का हे बघून घेतलंच पाहिजे.

बीपी आणि साखर याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणी मोजत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, साखर, तोंड, स्तन आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची सोय आहे. गावातल्या बायकांना त्या शिबिराला बोलावून आणायचं काम टीचर करतात, आणि त्याच दिवशी रजिस्टर भरत कोपऱ्यात बसतात. बीपी १४० वर ९० पेक्षा वेगवेगळ्या दिवशी जास्त भरलं तर उपचार लागतात. संध्याकाळचं जड डोकं यामुळे असेलच असं नाही, पण मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि चढावर धापेबरोबर छातीत आवळल्यासारखं होत असेल, जबडा किंवा डावा हात भरून येत असेल, घाम सुटत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता ईसीजी काढा. बायकांचं हृदयाचं दुखणं गॅस म्हणून घरीच राहतं, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

इथवर आजाराचं झालं. पण समजा सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी कंबर आणि गुडघे दुखणारच, कारण ते कामाचं दुखणं आहे.

अंगणवाडीचं काम म्हणजे पोरांना गाणी शिकवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. तुम्ही एक दिवस आईंबरोबर जाऊन बसा. कर्नाटकात २०१७ साली मातृपूर्ण योजना आली, तेव्हापासून गरोदर आणि बाळंतीण बायकांचं गरम जेवणही केंद्रातच शिजतं. भात, सांबार, अंडं, दूध. म्हणजे मुलांची भांडी आणि वर बायकांची भांडी. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, आतला गॅस १४.२ किलो आणि बाकी लोखंड. तांदळाचं पोतं पन्नास किलोचं. महिन्याला वजनं घ्यायची म्हणजे दहा-बारा किलोची पोरं एकामागून एक उचलून काट्याला लावायची, आणि पोर तर पाय झाडतं. उरलेला दिवस जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसून. पन्नाशीचे गुडघे हे रोज करतात आणि संध्याकाळी घरी भाकरी थापायला पुन्हा खाली बसतात.

यातलं बरंच साध्या गोष्टींनी हलकं होतं, आणि ते डॉक्टरच्या गोळीपेक्षा जास्त टिकतं. एक उंच स्टूल आणि एक टेबल केंद्रात नेऊन ठेवा. लेखन खुर्चीवर बसून, भाजी चिरणं टेबलावर. सिलिंडर उचलायचा नाही, कडेवर फिरवत न्यायचा, आणि तोही पोचवणाऱ्याकडून थेट शेगडीजवळ ठेवून घ्यायचा. पोतं आलं त्याच दिवशी दोघींनी मिळून डब्यांत रिकामं करायचं. वजनाच्या दिवशी पोराला त्याच्या आईने उचलून काट्यात ठेवायचं, टीचरने आकडा वाचायचा. एका टीचरनी हा शेवटचा बदल केला आणि मला म्हणाल्या की वजनाच्या दिवसानंतर लागणारी गोळी बंद झाली. घरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सहा आठवडे केल्याशिवाय फरक कळत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात "काय उपयोग न्हाई" असं ऐकायची तयारी ठेवा. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरले तरी गुडघ्याला मोठा दिलासा मिळतो.

पाण्याबद्दल विचारा, पण हेही मुलाने विचारायचं नाही, बरोबरच्या बाईने विचारायचं. केंद्रात शौचालय नाही, किंवा आहे पण पाणी नाही, म्हणून टीचर सकाळी साडेनऊपासून चारपर्यंत घोटभर पाण्यावर राहतात. मग लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मूळव्याध. आणि मूळव्याधीतून पुन्हा रक्त जातं. शौचालयाची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे लेखी मागता येते. तोवर जवळच्या घरातली सोय ठरवून घ्यायची.

रात्रीचं काम वेगळंच. २०२१ पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी करायच्या असतात. जांबोटी, कणकुंबीकडे रेंज मिळत नाही, म्हणून टीचर घरी येऊन, कधी टेकाडावर जाऊन नोंदी चढवतात. वर परिपत्रकं कन्नडमधून येतात. तुमच्या आईंच्या पिढीतल्या बऱ्याच जणी मराठी शाळेत शिकलेल्या. कन्नड बोलायला येतं, पण सरकारी पत्राचं कन्नड वाचताना चुकेल ही धास्ती असते. मला बायका झोप लागत नाही म्हणून सांगतात, आणि खोदून विचारलं की निघतं ते परवाच्या मीटिंगचं टेन्शन. तुम्ही शाळेत कन्नड शिकला असणार. आठवड्यातून एक संध्याकाळ आईजवळ बसून ती पत्रं वाचून द्या, नोंदी भरू लागा. झोपेची गोळी लिहून देण्याआधी मी घरच्यांना हेच सांगते.

खर्चाचं आणि रजेचं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४ च्या केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये घेण्याची घोषणा झाली. आईंचं कार्ड निघालंय का, नसेल तर काढून घ्या. सरकारी दवाखान्यात सुरुवात करून तिथून चिठ्ठी घेऊन पुढे गेलात तर सोपं जातं. खानापूरचा तालुका दवाखाना किंवा बेळगावचं सिव्हिल, जे जवळ पडेल ते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. तुमचं गाव त्यात असेल आणि कोल्हापूरला किंवा मिरजेला न्यायचा विचार असेल, तर आधी त्या रुग्णालयात फोन करून, कोणते कागद लागतात हे विचारूनच निघा. पोचल्यावर कागदासाठी परत फिरलेले पेशंट मी पाहिलेत. रजेचं म्हणाल तर केंद्राच्या नियमांत सेविकेला वर्षाला वीस दिवसांची रजा आहे. बहुतेक टीचर ती लग्नकार्याला ठेवतात. सुपरवायझरला दोन ओळींचं पत्र आधी द्यायचं आणि मदतनीस बाईंशी ठरवून ठेवायचं. अर्ध्या दिवसाच्या तपासणीसाठी केंद्र बंद ठेवावं लागत नाही.

आता राजीनामा. माझा अनुभव असा की घाईने काम सोडलेल्या बायकांच्या वाट्याला विश्रांती आली नाही, शेतातलं आणि घरातलं काम आलं. हातचं मानधन गेलं, गावात "टीचर" म्हणून मिळणारा मान गेला, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. रिटायर व्हायला त्यांना दहा वर्षं आहेत. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळायला हवा असा निकाल दिलाय. चोवीस वर्षांची सेवा असताना, आपल्याला काय मिळेल हे शिशुविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय राजीनाम्याचा कागद लिहूच नये. माझं मत विचाराल तर: रक्त भरून निघालं, पाळीचं कारण सापडलं, केंद्रातली उचल कमी झाली, आणि सहा महिन्यांनी तब्येत तरीही तशीच असेल, तेव्हा हा विषय काढा. हृदयाचं दुखणं निघालं, किंवा गुडघे ऑपरेशनपर्यंत आले असतील, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरच सांगतील. दोन्ही वेळी ठरवायचं आईंनी. तुम्ही काळजीपोटी विचारताय हे कळतंय, पण हे काम त्यांनी चोवीस वर्षांत स्वतः उभं केलंय.

त्यांना तयार कसं करायचं, तर "तू आजारी आहेस" असं म्हणून नाही. त्या रोज मुलांच्या वाढीचा तक्ता भरतात, हिरव्या पट्ट्यातून पोर पिवळ्यात घसरलं की त्याच्या घरी जातात. मघाच्या निपाणीकडच्या बाईंना मी एक कोरा तक्ता दिला आणि म्हटलं, यावर तुमचं हिमोग्लोबिन महिन्याला मांडा. त्यांनी स्वतःच रेषा मारल्या, १२ च्या वर हिरवं रंगवलं, आणि ६.४ चा पहिला ठिपका लाल पेनने काढला. पिशवीतली गाठ सापडली, त्यावर उपचार झाले, आठ महिन्यांनी ठिपका हिरव्यात गेला. तो कागद अजून त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे. तुमच्या आईंनाही तेवढंच सांगा की एक तक्ता तुझ्या नावाचा राहिलाय.

पहिल्या खेपेला शनिवार बघू नका, गर्दी असते. सकाळी उपाशीपोटी न्या, म्हणजे साखर त्याच फेरीत होईल. रक्ताची पूर्ण तपासणी, साखर, थायरॉइड, किडनीची क्रिएटिनिन, लघवी, आणि बीपी एवढं पहिल्या दिवशी पुरे. सोनोग्राफीची वेळ त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि निघताना घरातली सगळी गोळ्यांची पाकिटं, अर्धी संपलेली सुद्धा, ती बाजारातली पुडी असेल तर तीही, एका पिशवीत घालून न्या. पेशंटला नावं आठवत नाहीत, आणि मला पाकिटावरून पुष्कळ कळतं.